लंडनमधली बिनमांसाची पंगत

युरोपच्या सहलीला निघालेलं शाकाहारी मराठी जोडपं बॅगेत मेतकूट, चिवडा आणि दशम्या भरून निघतं, ती सवय अजून सुटलेली नाही. लंडनपुरती मात्र तिची गरज उरलेली नाही. दोघांपैकी एकजण दूध-तूपही वर्ज्य करणारा म्हणजे व्हीगन असला, तरी सोहोपासून कॅम्डेनपर्यंत कुठेही पोटभर जेवण मिळतं. ही सोय गेल्या दहा-वीस वर्षांत अचानक झालेली नाही. तिच्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांची खटपट आहे आणि त्यातला मोठा वाटा नवराबायकोंनी जोडीने चालवलेल्या दुकानांचा आणि खानावळींचा आहे.

इंग्लंडमध्ये व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली ती १८४७ मध्ये, रॅम्सगेट इथे. सभा, व्याख्यानं, पत्रकं सुरू झाली, पण परगावच्या माणसाला जेवायला जागा हवी असते. १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला आलेल्या मोहनदास गांधींचे तेच हाल झाले. मांसाला शिवणार नाही, असं वचन त्यांनी आईला दिलं होतं. घरमालकीणबाई ओटची लापशी, उकडलेला पालक आणि पाव-जॅम वाढत. भूक भागत नसे. रोज मैलोगणती पायपीट करून शोध घेताना त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडलं. दाराजवळ काचेमागे विक्रीची पुस्तकं मांडली होती. त्यांतलं हेन्री सॉल्ट यांचं शाकाहाराची बाजू मांडणारं पुस्तक त्यांनी एका शिलिंगला घेतलं आणि मग ते आत जेवायला गेले. इंग्लंडमध्ये आल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं पोटभर जेवण. आईसाठी पाळलेला नियम पुढे त्यांचा स्वतःचा विचार झाला, त्यात या पुस्तकाचा हात होता. लवकरच ते लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीवरही गेले.

जेवण आणि दुकान एका छपराखाली, ही रीत पुढे युस्टेस माइल्स आणि त्यांची पत्नी हॅली यांनी मोठ्या प्रमाणावर चालवली. चेरिंग क्रॉसजवळच्या चँडोस स्ट्रीटवर त्यांचं रेस्टॉरंट १९०६ मध्ये उघडलं. युस्टेस हे रिअल टेनिसचे नामांकित खेळाडू होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना रौप्यपदक मिळालं. मांसाशिवाय अंगात ताकद येत नाही, या समजाला त्यांच्या रूपाने जितंजागतं उत्तर मिळालं. मताधिकाराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या स्त्रिया सुटून आल्या की त्यांच्या स्वागताच्या न्याहाऱ्या इथे होत. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘हॉवर्ड्स एंड’ कादंबरीतही या रेस्टॉरंटचा उल्लेख येतो.

या सगळ्या स्वयंपाकात दूध, लोणी, चीज मुबलक असे. तेही नको म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन या सुतारकामाच्या शिक्षकाच्या पुढाकाराने व्हीगन सोसायटी स्थापन केली. लंडनवर जर्मन रॉकेटं पडत होती, अन्न रेशनवर होतं. मांसाचा वाटा सोडणाऱ्या शाकाहाऱ्यांना सरकार जास्तीचं चीज देई, व्हीगन मंडळींना त्याचाही उपयोग नव्हता. चहात घालायला दुधाला पर्याय हवा, म्हणून त्यांच्यातल्याच काहींनी १९५६ मध्ये प्लांटमिल्क सोसायटी काढली. त्यांचं सोयाबीनचं दूध बाजारात यायला १९६५ उजाडलं.

दरम्यान, १९६१ मध्ये डेव्हिड आणि के कँटर या दांपत्याने डॅफ्नी स्वान यांच्यासह कार्नबी स्ट्रीटवर ‘क्रँक्स’ सुरू केलं. कोंड्यासकट गव्हाचा पाव, भरपूर सॅलड, हाताने घडवलेली मातीची भांडी. शाकाहार म्हणजे पथ्य, ही समजूत इथे मोडली. आजूबाजूच्या फॅशनच्या दुकानांत खरेदीला आलेली तरुण मंडळी इथे आवडीने जेवू लागली. १९७४ मध्ये कोव्हेंट गार्डनचा घाऊक भाजीबाजार नाइन एल्म्सला हलला आणि त्या भागातल्या वखारी ओस पडल्या. त्यांतल्याच नील्स यार्ड या आडोशाच्या चौकात निकोलस सॉन्डर्स यांनी १९७६ मध्ये डाळी, कडधान्यं, सुकामेवा स्वस्तात विकायला सुरुवात केली.

मराठी जिभेला सर्वांत जवळची गल्ली मात्र यूस्टन स्टेशनच्या मागे आहे. केनियातून मुलाबाळांसह १९५६ मध्ये आलेले लक्ष्मीशंकर आणि शांतागौरी पाठक घरच्या स्वयंपाकघरात समोसे आणि मिठाई करून विकत. थोड्याच वर्षांत त्यांनी ड्रमंड स्ट्रीटवर दुकान थाटलं. त्यांची लोणची आणि मसाले पुढे ‘पटाक्स’ या नावाने ब्रिटनभर पोचले. १९६५ मध्ये इथेच ‘अंबाला’ हे मिठाईचं दुकान आलं. विद्यापीठ आणि फिट्झरॉय स्क्वेअरचं इंडियन वायएमसीए चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे भारतीय विद्यार्थ्यांचा राबता मोठा. मग ‘दिवाना भेळपुरी हाऊस’सारखी हॉटेलं निघाली आणि मुंबईच्या चौपाटीवरची भेळ, शेवपुरी डोशाच्या शेजारी मेन्यूकार्डावर आली.

व्हीगन पाहुण्याने इथे एवढंच विचारायचं: डोशाला तूप लावता का, चटणीत दही आहे का? कुरमुरे, शेव, कांदा, चिंचेची चटणी यांची भेळ मुळातच दुधावाचून होते. बाजूच्या किराणा दुकानांत डाळी, पोहे, हिंग, कढीपत्ता मिळतो. भाड्याच्या घरात उतरलेल्या जोडप्याची संध्याकाळच्या पिठलं-भाताची सोय तिथेच होते.

अलीकडे ब्रिटनमध्ये व्हीगन जेवणाची लाट आली, तिच्या मुळाशीही एक जोडपं आहे. मॅथ्यू ग्लोव्हर आणि जेन लँड यांनी २०१४ पासून जानेवारी महिना व्हीगन राहण्याची मोहीम सुरू केली. २०१९ च्या जानेवारीत ग्रेग्ज या बेकरीसाखळीने व्हीगन सॉसेज रोल आणला आणि हा प्रकार कोपऱ्याकोपऱ्यावर पोचला.

ड्रमंड स्ट्रीटला मात्र गेल्या काही वर्षांत यूस्टनच्या वेगवान रेल्वेमार्गाच्या कामाचा जबर फटका बसला आहे. रस्ते अडले, येणारीजाणारी गिऱ्हाइकं घटली. २०२३ मध्ये ते काम लांबणीवर टाकलं गेलं तेव्हा आजूबाजूच्या इमारती आधीच पाडलेल्या होत्या. लंडनला जाणाऱ्या जोडप्यांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या खरेदीतून एक दुपार काढून या गल्लीत जेवावं आणि वाणसामानही इथूनच घ्यावं. या दुकानदारांना आज गिऱ्हाइकांची खरोखरच गरज आहे.