सोबत बायको

जोडीनं परदेशी जाण्याचे ताप म्हटले की लोक व्हिसा, बॅगांचं वजन आणि तिकडे गेल्यावर होणारी भांडणं याबद्दल बोलतात. मला मात्र गेले दोन आठवडे भलत्याच गोष्टीनं झपाटलंय. जुने पासपोर्ट! हापिसातून आल्यावर रात्री उशिरापर्यंत त्यांची स्कॅन केलेली पानं बघत बसतो. बायको म्हणते, लोक क्रिकेट बघतात, तू हे बघतोस.

त्या पानांवर काय दिसतं? १९२० च्या सुमाराचा ब्रिटिश पासपोर्ट घ्या. आत दोन रकाने असतात. एक पासपोर्टधारकाचा आणि दुसऱ्यावर नुसतं 'पत्नी'. उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग. ब्रिटिश इंडियाचे पासपोर्टही याच साच्यातले. म्हणजे नवराबायको मिळून एकच पासपोर्ट, आणि तो नवऱ्याचा. तो एकटा कुठंही फिरायला मोकळा, पण बाईसाहेबांना त्याच कागदावर एकटं निघता येत नसे. अमेरिकेचा प्रकार तर आणखी मजेदार. 'श्री. अमुकतमुक, सोबत पत्नी', बास. पुष्कळदा बायकोचं नावसुद्धा नाही. सोबत ट्रंक लिहावी तसं.

पहिल्या महायुद्धाच्या आधी ही कटकट फारशी नव्हती, कारण बऱ्याच देशांत जायला पासपोर्टच लागत नसे. तेव्हाच्या अडचणी वेगळ्या. आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं जोडपं म्हणजे गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी. दोघांनी मिळून अमेरिकेला जायचं हा गोपाळरावांचा मूळ बेत होता. तिकडे आपल्याला नोकरी आणि बायकोला शिक्षण, यासाठी त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. पण पोस्टातली नोकरी, पैशांची ओढाताण... शेवटी १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत चढल्या. गोपाळराव मागाहून पोचले. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी दोघं परत निघाले. इतकी वर्षं ठरवलेला जोडीचा प्रवास घडला तो असा, परतीचा, आणि त्यात आनंदीबाई क्षयानं आजारी. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. आपण त्यांच्यावर कादंबरी वाचतो, सिनेमा बघतो, पण त्या परतीच्या बोटीवर दोघं एकमेकांशी काय बोलत असतील याचा विचार केला की मला पुढचं सुचत नाही.

असो. महायुद्ध आलं, प्रत्येक सरहद्दीवर कागद मागायला लागले आणि मग नावाचा प्रश्न पेटला. न्यूयॉर्कमध्ये रूथ हेल नावाची एक पत्रकार होती. नवरा हेवूड ब्राऊन, तोही नावाजलेला पत्रकार. १९२१ मध्ये दोघं फ्रान्सला निघाले होते. रूथबाईंनी पासपोर्ट मागितला तो 'रूथ हेल' या नावानं. सरकार म्हणालं, छे. बरीच हुज्जत घातल्यावर पासपोर्ट आला तो असा : 'रूथ हेल, ऊर्फ मिसेस हेवूड ब्राऊन'. पोलीस रेकॉर्डात असतं तसलं ऊर्फ! बाईंनी तो घेतलाच नाही, प्रवास रद्द केला. आणि मला आवडतो तो पुढचा भाग. नवऱ्यानंही आपला प्रवास रद्द केला. त्याच्या कागदात खोट नव्हती, तो खुशाल जाऊ शकला असता. मग बाईंनी त्याच वर्षी लूसी स्टोन लीग काढली, लग्नानंतर आपलं नाव राखायच्या हक्कासाठी. पुढे १९२५ मध्ये डॉरिस फ्लाइशमन या विवाहितेला तिच्या माहेरच्या नावानं पासपोर्ट मिळाला. म्हणजे चार वर्षं गेली, एका ओळीसाठी.

नावापर्यंत ठीक होतं, पण काहींचा देशच गेला. १९०७ च्या अमेरिकन कायद्यानं परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जायचं. १९२२ मध्ये ते बदललं, पण एक खुंटी ठेवून : नवरा नागरिकत्वाला 'अपात्र' वंशाचा असेल तर बायकोचं जाणारच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टानं हिंदी लोकांना त्या अपात्रांत टाकलं. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी १९२४ मध्ये लग्न केलेल्या मेरी दास जन्मानं अमेरिकन, तरी त्यांना पासपोर्ट नाकारला गेला. स्वतःच्याच देशात बाई परकी! ही खुंटी १९३१ मध्ये निघाली.

हे जोड-पासपोर्ट शेवटी गेले कशानं? थोडं श्रेय आमच्या जमातीला द्यायला हरकत नाही. १९८० पासून यंत्रानं वाचायच्या पासपोर्टाचा आंतरराष्ट्रीय साचा आला. फोटोच्या पानाच्या तळाशी त्या दोन विचित्र ओळी दिसतात ना, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या? त्यात एकच नाव, एकच जन्मतारीख, एकच एम/एफ बसतं. बायकोला जागाच नाही. पन्नास-साठ वर्षं भांडून जे सुटलं नाही, ते असं रेकॉर्डच्या लांबीनं सुटत गेलं.

अर्थात साचा बदलला तरी खिडकीमागचा माणूस तोच. २०२५ च्या जूनमध्ये मद्रास हायकोर्टाला सांगावं लागलं की बायकोच्या पासपोर्टच्या अर्जावर नवऱ्याची सही लागत नाही! आणि आमच्या धंद्यातला एच-४ व्हिसा तुम्हाला माहीत असेलच. एच-१बी वाल्याच्या मागून त्याची (किंवा तिचा) जोडीदार जाते, डिग्री काहीही असो, नोकरी करायची नाही. २०१५ पासून काहींना परवानगी मिळायला लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाईल कुठवर सरकली आहे त्यावर. माझ्या कॉलेजातली एक टॉपर चार वर्षं न्यू जर्सीत घरी बसून होती. 'सोबत पत्नी', दुसरं काय.

आमचा स्वतःचा अनुभव त्या मानानं किरकोळ. गेल्या वर्षी इटलीला गेलो. फॉर्म दोन, ठसे दोघांचे वेगळे, फीसुद्धा माणशी ९० युरो. कागद तपासणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, मिस्टरांची सॅलरी स्लिप कुठाय?"

"माझी लावलीय ना."

"हो, पण मिस्टरांची?"

"त्यांच्या फॉर्मलापण माझीच लावा," ती म्हणाली, "जास्त आहे."

तो गोंधळला. मी गप्प. खोटं काय बोलणार, जास्त आहेच.

नेपल्सच्या म्युझियममध्ये पोंपेईहून आणलेलं एक भित्तिचित्र आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका जोडप्याचं. मी त्याच्यासमोरून तसाच पुढे गेलो असतो, तिनं ओढून मागे आणलं. नवऱ्याच्या हातात गुंडाळी. बायको जरा पुढे उभी, एका हातात मेणाची पाटी, दुसऱ्या हातात टोकदार लेखणी ओठांपाशी धरलेली. बेरीज करता करता मध्येच वर बघावं तशी. चित्र ओळखलं जातं ते 'तेरेंतियुस नेओ आणि त्याची पत्नी' म्हणून. तिचं नाव कुणालाच माहीत नाही.

"बघ," बायको म्हणाली, "हिशोब हिच्याकडे आणि नाव त्याचं."

मग तिनं फोनवर आमच्या खर्चाचा तक्ता उघडला, तिकिटाचे पैसे लिहिले आणि म्हणाली की जेवणाला आता अठ्ठावीस युरो उरलेत, दोघांत मिळून.