गाळा : वरळीच्या एका वाटेचा इतिहास

पुलाच्या दोन खांबांमधील मोकळ्या जागेला मराठीत ‘गाळा’ म्हणतात. मुंबईकराला या शब्दाने आधी आठवते ती दुकानाची किंवा कारखान्याची जागा. परंतु वरळी कोळीवाड्याचा अलीकडचा इतिहास पहिल्या अर्थाभोवती फिरतो. रस्ता आडवा आला म्हणजे ज्याची वाट तुटते, त्याच्यासाठी किती रुंद दार ठेवावे आणि ती रुंदी कोणी ठरवावी, हा त्यातला प्रश्न.

हाच प्रश्न विदर्भातील अरण्यातही उभा राहिला होता. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी करताना मनसर ते खवासा या टप्प्यात वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवाव्या लागल्या. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. वाघ काही ५० मीटर रुंद नसतो. पण प्राण्याची वाट त्याच्या अंगाच्या मापाने आखता येत नाही. पलीकडचा उजेड दिसला नाही, डोक्यावरचा आवाज असह्य झाला, तर हरीण भुयाराच्या तोंडाशी थबकते. म्हणजे मोजायची असते ती भीती. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळात येथे कॅमेरे लावले, तेव्हा अठरा जातींचे प्राणी या वाटांनी जाताना टिपले गेले. वाघांची नोंद ८९ वेळा झाली.

आम्ही कोळ्यांना वन्यप्राण्यांच्या पंक्तीला बसवतो आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. तुलना वाटांची आहे, वाटसरूंची नाही.

वरळीचा समुद्र अडविण्याचे प्रयत्न जुने आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळी आणि महालक्ष्मी यांमधील खिंडार हॉर्नबी वेलार्डने बुजविले गेले. तो बांध वारंवार ढासळत होता आणि समुद्रातील देवीला बाहेर काढून तिची स्थापना केल्यावरच टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. आख्यायिकेला इतिहास मानू नये हे खरे. तरीही जो तिथे आधीपासून आहे त्याचे देणे चुकविल्यावाचून भिंत उभी राहत नाही, ही लोकांची समजूत तीत स्पष्ट दिसते.

सागरी किनारा मार्गाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन परवानगी रद्द केली. याचिकाकर्त्यांत वरळीच्या नाखव्यांची सहकारी संस्थाही होती. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वन्यजीव कायद्याचे संरक्षण असलेल्या प्रवाळांच्या अठरा वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन वरळी व हाजी अली येथून हलविण्यात आल्या. प्रवाळांचे नाव कायद्याच्या अनुसूचीत होते. नाखव्याच्या वाटेला अशी कोणती अनुसूची?

क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या मार्गावर, मार्ग सागरी सेतूला जिथे जोडायचा होता तिथे, खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर पुरेसे आहे, असे पालिकेचे म्हणणे. कागदावर ते बिनतोड वाटते, कारण होडीची रुंदी काही मीटरच. परंतु होडी रुळावरून धावत नाही. वारा, प्रवाह आणि खांबावर आपटून परतणारी लाट तिला बाजूला ढकलतात. समोरून दुसरी होडी आली की उरलेली जागाही अर्धी होते. सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाल्यापासून पुलाखालून जाणे म्हणजे काय, हे कोळीवाड्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी आधी २०० मीटर, मग १६० मीटर मागितले, आणि २०२१ मध्ये होड्या आडव्या घालून समुद्रातील काम थांबविले. आमच्या मते या वादातील खरा तज्ज्ञ नाखवा होता, आणि त्याचे ज्ञान आकड्यांच्या भाषेत नसल्यामुळेच ते इतके दिवस तक्रार म्हणून वाचले गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. आठव्या क्रमांकाचा खांब आराखड्यातून वगळून सात आणि नऊ यांच्यामध्ये १२० मीटरचा गाळा ठेवण्याचे मान्य झाले. तो पेलण्यासाठी धनुष्याकृती कमानीच्या तुळया लागल्या. २६ एप्रिल २०२४ रोजी बसविलेली पहिली तुळई १३६ मीटर लांब, सुमारे दोन हजार टन वजनाची. न्हावा येथून ती तराफ्यावरून, समुद्राच्याच वाटेने आली.