तळणीचे भिंग आणि कपाटातला वेबकॅम

मुंबईहून नागपूरला जाताना धामणगाव सुटले की पुलगाव येण्याआधी तळणी नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. गाडीतल्या माणसाचा डोळा लागलेला असला तर ते केव्हा मागे पडले हे त्याला कळणारही नाही. पण २२ जानेवारी १८९८ रोजी या तळणीला दूरदेशीची मंडळी तंबू ठोकून बसली होती. त्या दिवशी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, घाट चढून जेऊरवरून वऱ्हाडात आली आणि नागपूरच्या अंगाने ईशान्येकडे निघून गेली. रिठदच्या शिक्षकांनी वर्गातला नकाशा उतरवावा आणि सोलापूर जिल्ह्यातले जेऊर व अमरावती जिल्ह्यातले तळणी यांना जोडणारी एक रेघ पट्टीने ओढावी. ती आपल्या गावापासून फार दूरवरून जात नाही, असे आढळेल.

वाशीमच्या मुलखाला आकाशाचे वावडे कधीच नव्हते. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्याने आपल्या 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणाऱ्या मूळ रेखावृत्तावरची गावे सांगितली आहेत. त्यांत वत्सगुल्माचेही नाव आहे. आजच्या मोजणीने वाशीम त्या रेषेच्या थोडे पूर्वेला पडते, पण त्याबद्दल भास्कराचार्यांशी आता भांडण काढायला नको.

तर १८९८ च्या ग्रहणाकडे वळू. सावलीच्या वाटेवर ठिकठिकाणी छावण्या पडल्या होत्या. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते. त्यांच्याबरोबर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. हो, चाळीस फूट! त्याचे भिंग पाच इंच व्यासाचे, आणि त्यातून सूर्याचे चित्र उमटे ते साडेचार इंचांचे. इकडे तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेची मंडळी होती. तीत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर हे जोडपे होते. ॲनीबाई गणित शिकलेल्या. १८९१ पासून त्या ग्रिनिचच्या वेधशाळेत नोकरीला होत्या, पण १८९५ साली लग्न झाले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सुटली. नोकरी सुटली तरी आकाश सुटले नाही. त्यांनी जो कॅमेरा बरोबर आणला होता, त्याचे भिंग अवघे दीड इंचाचे होते आणि नाभीय अंतर नऊ इंच. त्यात सूर्याचे चित्र उमटणार ते दोन मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान.

खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. ॲनीबाईंच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडलाचा एक झोत उमटला. तो सूर्यापासून जवळजवळ एक कोटी किलोमीटर दूरवर गेलेला होता. इतका लांब झोत तोपर्यंत कोणाच्याही फोटोत आलेला नव्हता.

हे कसे झाले, ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट याच खुंटीवर टांगलेली आहे. पसरट आणि अंधुक वस्तूचा फोटो घेताना भिंग किती मोठे यापेक्षा नाभीय अंतर भिंगाच्या किती पट आहे, हे महत्त्वाचे. चाळीस फुटी कॅमेऱ्यात हे प्रमाण ९६ पट. तळणीच्या कॅमेऱ्यात फक्त ६ पट. ९६ ला ६ ने भागा, १६ येतात. १६ चा वर्ग २५६. म्हणजे प्रभामंडलाचा उजेड तळणीच्या काचेवर २५६ पट दाट पडत होता. एक लोटा पाणी वाफ्यात सोडले तर माती भिजते, तेच अख्ख्या वावरात शिंपडले तर धूळसुद्धा बसत नाही. यावरून मोठा कॅमेरा टाकाऊ होता असे मात्र समजू नका. सूर्याच्या अगदी कडेची बारीक नक्षी त्यालाच दिसणार. ज्याचे काम त्याने करावे, एवढेच.

त्याच ग्रहणाला जेऊरला आपल्या पुण्याचेही एक गृहस्थ होते, प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी १८८२ साली पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तितकेच घातले आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. १८८८ साली तिथे डब्लिनच्या ग्रब यांनी केलेली, वीस इंच आरशाची दुर्बीण आली. त्या काळी हिंदुस्थानातली ती सर्वांत मोठी. नेगमवालांनी ती एकहाती सांभाळली. पुढे ते निवृत्त झाले आणि १९१२ साली वेधशाळा बंद झाली. दुर्बीण उचलून दक्षिणेत कोडाईकनालला नेली. तिथे संचालक होते जॉन एव्हरशेड, आणि हे एव्हरशेडसाहेब १८९८ साली कुठे होते म्हणाल, तर तळणीलाच, माँडर मंडळींच्या छावणीत! जग लहान असते ते असे.

दुर्बीण चांगल्या हाती गेली हे खरे. पण पुण्याला काय उरले? एका माणसाच्या नोकरीला बांधलेले साधन त्याच्या पेन्शनीबरोबर गेले. मुंबई प्रांतातल्या विद्यार्थ्याला मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायची जी एक जागा होती, ती मोडली. महाराष्ट्रात हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यालाच निघाली, पण त्याला १९४४ साल उजाडले. मला इतिहास शिकवताना या बत्तीस वर्षांच्या खंडाची नेहमी चुटपूट लागते. साधन महाग असले की ते थोड्यांचे राहते, आणि थोड्यांचे राहिले की केव्हाही उठून जाते.

आता स्वस्त साधनाची गोष्ट. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाची सिलिकॉनची चकती शोधून काढली. उजेड पडला की तिच्यात वीज साठते आणि ती मोजता येते. फोटोची काच गेली, फिल्म गेली. २००९ साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. वेधशाळांनी ती चकती लगेच उचलली, पण किंमत आपल्यासारख्याच्या आवाक्याबाहेरची. आवाक्यात आली ती भलत्याच वाटेने. १९९१ साली केंब्रिजच्या संगणक विभागातल्या लोकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला. उद्देश एवढाच की, भांड्यात कॉफी उरली आहे की नाही हे जागेवरून न उठता कळावे. आळसाने शास्त्राची इतकी सेवा क्वचितच केली असेल! १९९४ साली क्विककॅम नावाचा छोटा कॅमेरा संगणकाला जोडण्यासाठी बाजारात आला. मग त्याची भावंडे निघाली आणि किंमत उतरत गेली. या कॅमेऱ्यालाच आपण वेबकॅम म्हणतो.

हौशी आकाशनिरीक्षकांनी या खेळण्याचे पुढचे भिंग आट्यांवरून फिरवून काढून टाकले. दुर्बिणीचे भिंग किंवा आरसा असताना दुसरे भिंग हवे कशाला? उघडी चकती त्यांनी नेत्रिकेच्या जागी बसवली. नेत्रिकेची नळी सव्वा इंचाची असते, आणि गंमत अशी की जुन्या फोटोफिल्मची प्लास्टिकची डबी त्या नळीत जवळजवळ मापाने बसते. डबीचे बूड कापले, कॅमेऱ्याला चिकटवले, झाले. २००० सालच्या सुमारास इंग्लंडातल्या स्टीव्ह चेंबर्स यांनी पुढचे पाऊल टाकले. वेबकॅम सेकंदाला अनेक चित्रे घेतो, म्हणून अंधुक तारे त्यात येत नाहीत. चेंबर्स यांनी आतल्या जोडणीत फेरफार करून कॅमेऱ्याला एकाच चित्रासाठी कितीतरी सेकंद उजेड साठवायला लावले. त्यासाठी सोल्डरिंगचा हात मात्र बसलेला हवा. पहिल्या दिवशी कोणी त्या वाटेला जाऊ नये.

चंद्र आणि ग्रह यांच्यासाठी तेवढीही खटपट नको. तिथे वेबकॅमची घाई हाच त्याचा गुण ठरतो. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. चुलीवरच्या वाफेपलीकडची भिंत जशी लवलवते, तसा गुरू दुर्बिणीत लवलवतो. जुना फोटोग्राफर एकच चित्र घेई आणि नशिबाला हवाला देई. वेबकॅम सेकंदाला पंधरा चित्रे घेतो असे धरा. तळणीला मिळाली तितकीच दोन मिनिटे त्याला दिली, तर १,८०० चित्रे जमतात. त्यांतली बहुतेक डागाळलेली, पण काही क्षणी हवा थबकलेली असते. तेवढीच चित्रे वेचायची आणि एकावर एक ठेवायची. सुपात धान्य घोळून खडे काढतो, तसेच हे. चारशे चांगली चित्रे रचली तर चित्रातला रवाळपणा चारशेच्या वर्गमुळाने, म्हणजे वीस पटींनी, कमी होतो. हे वेचण्याचे काम करणारा रेजिस्टॅक्स नावाचा कार्यक्रम हॉलंडच्या कोर बेरेव्हूट्स यांनी २००२ साली केला आणि सर्वांना फुकट दिला. अशा रीतीने घरच्या अंगणातून घेतलेल्या ग्रहांच्या चित्रांत असा तपशील येऊ लागला, की पूर्वीच्या मोठ्या वेधशाळांच्या फिल्मवरही तो क्वचितच उमटत असे.

शिक्षकबंधूंनी हे करायला हरकत नाही. जुन्या संगणकाबरोबर आलेला, कपाटात धूळ खात पडलेला वेबकॅम असेल तर तो चालेल. दुर्बीणही घरी करता येते. पुण्याच्या आयुका संस्थेने तर शिक्षकांना आरसा घासायला शिकवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. भिंग काढताना चकतीवर बोट लावू नका, कारण तिथला डाग चंद्राएवढा दिसतो. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा काळ्या पट्टीने झाका. भिंगामागे लालसर-निळसर काचेचा एक बारीक तुकडा असतो. तो अवरक्त किरण अडवतो. भिंगाच्या दुर्बिणीवर तो ठेवावा, नाहीतर चित्राच्या कडा पसरतात. आणि सूर्याकडे मात्र ही जोडणी चुकूनही वळवू नका. चकती जळेल ती जळेलच, पण शेजारच्या मुलाने शोधक दुर्बिणीला डोळा लावला तर डोळा जाईल.

पहिला प्रयोग चंद्रावर करावा, तोही पौर्णिमेला नव्हे. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो. शुद्ध अष्टमीच्या सुमाराला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. तुरी कापून झाल्या की आपल्याकडची हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असते. दुर्बीण तासभर आधी अंगणात ठेवावी, म्हणजे नळीच्या आतली हवा बाहेरच्या इतकी थंड होते. एक मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत चंद्राचे चित्र नऊ मिलिमीटरचे पडते आणि वेबकॅमची चकती असते तीन-चार मिलिमीटरची, तेव्हा अख्खा चंद्र एका वेळी मावणार नाही. तुकड्यातुकड्यांनी घ्यावा, आणि चौथी-पाचवीच्या पोरांकडून तो कागदावर जुळवून घ्यावा.