जादूगारांची जत्रा

वाचकहो, जत्रा ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. देवाच्या जत्रेत बैलबाजार भरतो, कुस्त्यांचा फड रंगतो, आणि एका कोपऱ्यात डमरू वाजवीत वाटीखालची गोटी नाहीशी करणारा गारुडीही बसलेला असतो. पण जत्रेला आलेला प्रत्येक माणूस गारुडीच आहे, अशी जत्रा कल्पनेत आणून पाहा! वाटीखालची गोटी कुठे गेली हे तिथे झाडून सगळ्यांना ठाऊक. मग दाखवायचे कुणी, आणि तोंडात बोट घालायचे कुणी?

अशा जत्रा भरतात, आणि कित्येक वर्षे भरत आल्या आहेत. तिथे जाणाऱ्याने काय पाहावे, कशाची वाट पाहावी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हातचलाखी हा मुळातच झाकून ठेवण्याचा धंदा. आपल्याकडे तो बापाकडून मुलाकडे जाई. शेजारच्या पालातही त्याचा सुगावा लागू देत नसत. युरोप-अमेरिकेत स्थिती फारशी निराळी नव्हती. एक जादूगार दुसऱ्याच्या खेळाला येऊन बसला की तो खेळ चोरायलाच आला, असा समज होता. आणि तो अगदीच खोटा होता असेही नाही. फरक पडला तो दुकानांमुळे. जादूचे सामान बनवून विकणारी दुकाने मोठ्या शहरांत निघाली, तशी गिऱ्हाइके तिथे एकमेकांना भेटू लागली. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन्का बंधूंचे असे एक दुकान होते. १० मे १९०२ रोजी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत २४ जण जमले व त्यांनी 'सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स' ही संस्था काढली. तीन वर्षांनी, १९०५ साली, लंडनमध्ये एका उपाहारगृहात 'मॅजिक सर्कल' या मंडळाचा जन्म झाला. मंडळाने लॅटिन भाषेतले एक ब्रीद घेतले. त्याचा अर्थ असा की, गुपित फोडणारे आम्ही नव्हेत. आता गंमत पाहा. तोंड बंद ठेवायची शपथ घेतली, की आतल्या आत मात्र सगळे मोकळे! एकदा का उंबरठा ओलांडला, की ज्याने त्याने आपली पोतडी सोडायची.

तरीही जादूगाराला आपल्याच धंद्यातल्या माणसांसमोर उभे राहायला भीती वाटते. का, ते एका गोष्टीवरून ध्यानात येईल.

हूडिनीचे नाव आपण ऐकले असेल. बेड्या, कुलपे, पेट्या यांतून सुटणारा तो हाच. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेचा तो १९१७ पासून १९२६ साली मरेपर्यंत अध्यक्ष होता. त्याची बढाई अशी की, कोणतीही जादू मला लागोपाठ तीनदा दाखवा, मी तिचे वर्म सांगतो. १९२२ साली शिकागोच्या एका हॉटेलात जादूगारांची मेजवानी होती. तिथे कॅनडाहून आलेला डाय व्हर्नन नावाचा एक तरुण हूडिनीपुढे पत्ते घेऊन बसला. एका पानावर त्याने हूडिनीलाच आपली आद्याक्षरे लिहायला लावली. मग ते पान सर्वांदेखत वरून दुसऱ्या जागी ठेवले, आणि वरचे पान उलटून दाखवले. तेच पान! पुन्हा ठेवले, पुन्हा तेच वर. हूडिनीने तीनदा पाहिले, मग आणखी पाहिले. काही केल्या उलगडा होईना. पुढे व्हर्ननने स्वतःच्या जाहिरातीत आपली ओळख करून दिली ती हूडिनीला चकविणारा माणूस म्हणून. (ती करामत कशी झाली ते मला विचारू नका. शपथ माझी नव्हे, पण मजा कशाला घालवा?)

तेव्हा जादूगारांच्या मेळ्याला जाऊन वाट पाहायची ती याचीच. सामान्य प्रेक्षक फसला तर त्यात नवल ते काय? तो फसायलाच पैसे देतो. पण ज्याला सारे ठाऊक आहे त्याचा चेहरा क्षणभर पोरासारखा होतो, तो क्षण पाहण्यासाठी ही मंडळी शेकडो मैलांवरून येतात.

ती येतात कुठे? मोठ्या शहरांतून तर येतातच. पण त्यांची एक नावाजलेली जत्रा भरते ती एका खेड्यात. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात कोलन नावाचे गाव आहे. वस्ती बाराशेच्या आसपास, भोवती शेती, गावाला लागून तळे. अशा गावाचा जादूशी संबंध आला तो हवामानामुळे. हॅरी ब्लॅकस्टोन हा त्या काळी तिकडचा मोठा नामांकित जादूगार. त्याचा संच मोठा, सामान गाडाभर. नाटकगृहे थंड ठेवण्याची यंत्रे तेव्हा सर्वत्र नव्हती, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात खेळ बंद पडत. आपल्याकडे पावसाळ्यात तमाशाचे फड बसून राहतात ना, तसेच ते. या बसत्या दिवसांत मोडके सामान दुरुस्त करायला आणि नवे खेळ बसवायला स्वस्तातली ऐसपैस जागा हवी होती. १९२६ च्या सुमारास ब्लॅकस्टोनने कोलनला तळ्याकाठी जागा घेतली.

पुढे पर्सी ॲबट नावाचा ऑस्ट्रेलियन जादूगार त्याच्याकडे आला. दोघांनी भागीदारीत सामानाचा कारखाना काढला, आणि दोनेक वर्षांच्या आत भांडून मोडलाही. एका म्यानात दोन तलवारी, दुसरे काय! पण ॲबटने गाव सोडले नाही. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले होते. रेसिल बोर्डनर या तरुणाला जोडीला घेऊन त्याने स्वतःचा कारखाना उभा केला, आणि १९३४ साली आपल्या गिऱ्हाइकांना आवतण धाडले, की या, सामान पाहा, चार खेळ दाखवा, चार पाहा. हेतू अर्थातच विक्रीचा. दुकानदाराने बोलावलेली माणसे एकमेकांसाठी पुन्हा पुन्हा येऊ लागली, तेव्हा मात्र त्या विक्रीची जत्रा झाली. दुसऱ्या महायुद्धात खंड पडला, मध्यंतरी काही वर्षे ती दुसऱ्या शहरांत भरली. पण १९६० नंतर पुन्हा कोलनला परतली, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या आरंभीची जत्रा म्हणजे कोलन हे समीकरण ठरून गेले.

कारखान्याची इमारत बाहेरून काळी रंगवलेली आहे आणि तिच्यावर पांढरे सांगाडे काढलेले आहेत. गावातल्या शाळेच्या खेळाडूंच्या संघाचे नावही जादूगारांवरून पडलेले. दिवसा टेबले मांडून सामान विकले जाते. रेशमी रुमाल, पितळी वाट्या, दुहेरी तळाच्या पेट्या. विकणारा खेळ करून दाखवतो. वर्म कळते ते पैसे मोजल्यावर. मग जाणत्या कलावंतांची व्याख्याने होतात. एखादा म्हातारा जादूगार पन्नास वर्षे घोटलेली हाताची एक हालचाल तासभर समजावून सांगतो, आणि पुढे बसलेले त्याच्याबरोबर बोटे हलवीत असतात. शिक्षकबंधूंना हे दृश्य मनापासून आवडेल. नवशिक्यांच्या स्पर्धा होतात. रात्री शाळेच्या सभागृहात मोठा खेळ. त्याला तिकीट काढून गावकरीही येतात, आणि बाहेरच्या माणसाला खुला असलेला मुख्य भाग तो हाच.

पण माहीतगार सांगतात की खरी जत्रा खेळ सुटल्यावर भरते. खाणावळीत, ओसरीवर, रस्त्याच्या कडेला दोघे-चौघे पत्ते काढून बसतात. व्यासपीठ नाही, दिवे नाहीत, बक्षीस नाही. एक जण म्हणतो, हे जरा पाहा. दुसरा पाहतो आणि म्हणतो, डावा कोपर हलला. एवढा एक शेरा मिळावा म्हणून माणूस वर्षभर थांबतो. टाळ्या वाजवणारा प्रेक्षक हे सांगू शकत नाही. त्याला कोपर दिसलेलाच नसतो.

गावच्या लेकसाइड स्मशानभूमीत तीसेक जादूगार विसावले आहेत. ब्लॅकस्टोन तिथेच आहे, १९६५ साली वारला; भांडून वेगळा झालेला ॲबटही त्याच मातीत आहे. जत्रेला आलेली माणसे तिकडे एक फेरी मारून येतात.

आता कुणी विचारील, आपल्या दोरीच्या जादूचे काय? आकाशात दोर फेकायचा, पोराने वर चढून नाहीसे व्हायचे, ती? कोलनची जत्रा सुरू झाली त्याच वर्षी, १९३४ मध्ये, लंडनच्या मॅजिक सर्कलने यावर सभा भरवली, आणि ती जादू उघड्यावर करून दाखवील त्याला ५०० गिनींचे बक्षीस लावले. ते कुणालाही मिळाले नाही. मला विचाराल तर त्यात आपला अपमान काही झाला नाही. ती प्रवाशांनी वाढवलेली कथा होती. आपल्या गारुड्याची खरी विद्या म्हणजे उघड्या जमिनीवर, चहूबाजूंनी माणसे बसलेली असताना केलेले वाटी-गोटीचे काम. तिला कुणी बक्षीस लावले नव्हते.

सर्वांत मोठा मेळा म्हणजे जागतिक संघाचा. तो १९४८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला प्रथम भरला. आता तीन वर्षांनी एकदा भरतो. २०२५ साली तो इटलीत तुरीन येथे झाला. तिथे परीक्षक जादूगार, प्रेक्षकही बव्हंशी जादूगार. अशा सभागृहात उभे राहायचे म्हणजे छाती हवी.

फसण्याची हौस असलेल्या या मंडळींना एकदा मात्र फसणे मानवले नाही. मॅजिक सर्कलमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. जेनी विन्स्टन्ली या जादूगार बाईंनी सोफी लॉइड या नटीला हाताशी धरले, तिला जादू शिकवली आणि पुरुषाचे सोंग दिले. केसांचा टोप, गाल फुगवायला तोंडात तुकडे, बायकी हात झाकायला हातमोजे. हातमोजे घालून हातचलाखी करणे किती कठीण, ते एकदा पत्ते पिसून पाहा! १९९१ च्या मार्चमध्ये 'रेमंड लॉइड' परीक्षकांसमोर उभा राहिला, पास झाला आणि सभासद झाला. त्याच वर्षी मंडळाने स्त्रियांना दार उघडले, तेव्हा सोफीने आपले सोंग उतरवले. मंडळाने काय केले? फसवणूक केली म्हणून तिला काढून टाकले. ज्या सभेत उभ्या जन्मात कुणी फसवणुकीशिवाय दुसरे काही केले नव्हते, त्या सभेने!

२०२५ साली, चौतीस वर्षांनंतर, मंडळाने सोफी लॉइडला सन्मानाने परत घेतले. जेनी विन्स्टन्ली हे पाहायला नव्हत्या. त्या २००४ सालीच अपघातात गेल्या होत्या.