शीतगृहाचा भरवसा

१९२४ साली केंब्रिज विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागातील पशुगृहात काही तरुण ससे अकस्मात मरण पावले, आणि त्या मृत्यूंचा माग काढता काढता मरे, वेब व स्वॉन या तिघा संशोधकांच्या हाती एक आखूड, शलाकाकार सूक्ष्मजंतू लागला. बाधित सशांच्या रक्तात श्वेतपेशींचा एक विशिष्ट प्रकार विलक्षण वाढलेला दिसे, म्हणून १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी जंतूचे नामकरणही त्याच लक्षणावरून केले. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गच्या दक्षिण आफ्रिकी वैद्यकीय संशोधन संस्थेतील हार्वे पिरी यांना तोच जंतू टायगर नदीकाठच्या रानउंदरांत सापडला, आणि शस्त्रक्रियेला जंतुनाशाची दीक्षा देणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या स्मरणार्थ त्यांनी त्याला ‘लिस्टेरेला’ हे नाव दिले. ते नाव जीवशास्त्राच्या दप्तरी आधीच दुसऱ्या एका जीवाच्या खाती जमा असल्याचे उघडकीस आल्यावर १९४० साली पिरी यांनीच ते बदलून ‘लिस्टेरिया’ असे केले. हे पिरी तरुणपणी, १९०२ ते १९०४ या काळात, ‘स्कोशिया’ जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या स्कॉटिश मोहिमेचे वैद्य व भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि लॉरी बेटावरील हिमात त्यांनी हिवाळा काढला होता. शीताची ज्यांना इतकी निकटची ओळख, त्यांच्याच हातून शीताला न जुमानणाऱ्या जंतूचे नाव मुक्रर व्हावे, हा योग मला फार लक्षणीय वाटतो.

अन्न टिकवण्याचे जुने उपाय म्हणजे मीठ, ऊन, धूर आणि आंबवण. आणि यांतला प्रत्येक उपाय अन्नाची चव व रूप पालटून मगच त्याचे रक्षण करी. शीताने मात्र जिन्नस होता तसाच राहिला, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकाने त्याचे एवढे कौतुक केले. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात बांधून बोस्टनहून जहाजाने मुंबईच्या बर्फखान्यापर्यंत येऊ लागला. १८८२ साली ‘ड्युनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडचे गोठवलेले मांस विषुववृत्त ओलांडून लंडनला घेऊन गेले. आणि विसाव्या शतकात हीच सोय कपाटाच्या आकाराने घरोघरच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. शीतावरचा हा विश्वास निराधार नव्हता, कारण अन्न नासवणारे व मनुष्याला पीडा देणारे बहुतेक जंतू थंडीत निपचित पडतात. लिस्टेरिया मात्र चार अंशांच्या गारठ्यातही मंदगतीने वाढत राहतो, आणि भोवतीचे प्रतिस्पर्धी थंडावलेले असल्यामुळे सारा मुलूख त्याला आयता मोकळा मिळतो. मिठालाही तो सहजी दाद देत नाही. उष्णतेला मात्र तो दाद देतो.

थंडीत वाढण्याच्या या गुणाचा दाखला फार लवकर मिळाला होता, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. न्यूझीलंडमधील मेंढ्या मेंदूला सूज येऊन एकाच बाजूला गोल गोल फिरत मरतात, त्या रोगाचे कारण हाच जंतू असल्याचे पशुवैद्यांनी १९३०च्या दशकातच दाखवले होते. नीट न आंबलेला मुरघास खाणाऱ्या जनावरांना हा रोग जडतो, हेही त्यांना पुढे उमगले. १९४८ साली अमेरिकेत ग्रे व त्यांचे सहकारी गुरांच्या मेंदूचे नमुने तपासत असता प्रथम त्यांत काहीच उगवेना. पण तेच नमुने आठवडेच्या आठवडे शीतकपाटात ठेवल्यावर त्यांतून जंतू भरभरून वर आला, आणि तेव्हापासून प्रयोगशाळांनी थंडीचा उपयोग या जंतूला वाढवण्याचे साधन म्हणून केला. दुसरीकडे, १९४९च्या सुमारास पूर्व जर्मनीतील हाले नगरीत मृत जन्मलेल्या व जन्मतःच आजारी असलेल्या अर्भकांच्या शरीरांत बारीक गाठी आढळल्या, आणि पोटेल यांनी तेथे याच जंतूचे कर्तृत्व दाखवून दिले. पशुवैद्याच्या दप्तरी चारा आणि थंडी यांची नोंद होती, मनुष्यवैद्याच्या दप्तरी गर्भिणी आणि अर्भके यांची. ही दोन दप्तरे एकत्र वाचण्यास पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. अन्नातून हा रोग येत असावा असा तर्क होता. सबळ पुरावा मात्र नव्हता.

तो पुरावा कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात मिळाला. १ मार्च ते १ सप्टेंबर १९८१ या सहा महिन्यांत तेथे ४१ रोगी आढळले. त्यांपैकी ७ प्रौढ होते आणि ३४ प्रकरणे गर्भवती माता व त्यांच्या अपत्यांची होती. मातेला साधा ताप येई, अंग दुखे आणि तिचे दुखणे ओसरेही; पण त्यामागोमाग पाच ठिकाणी गर्भपात झाले, चार ठिकाणी बालके मृत जन्मली आणि तेवीस अर्भके गंभीर आजार घेऊनच या जगात आली. मातेला जेमतेम जाणवणारा आणि गर्भाला प्राणघातक ठरणारा असा हा रोग आहे. आतड्याची भिंत आणि गर्भाची वार या दोन्ही मर्यादा हा जंतू ओलांडतो, हे त्याचे कारण. हॅलिफॅक्सचे डॉक्टर श्लेक व त्यांचे सहकारी यांनी रोग्यांची व निरोगी माणसांची खाण्याची कैफियत समोरासमोर मांडली, तेव्हा बोट वळले ते कोलस्लॉकडे, म्हणजे चिरलेल्या कोबीच्या थंड कोशिंबिरीकडे. एका रोग्याच्या शीतकपाटातील कोशिंबिरीत जंतू सापडला, आणि नंतर कारखान्याच्या न उघडलेल्या दोन पुड्यांतही सापडला. तेथून तपास मागे मागे जात एका शेतकऱ्याच्या बांधावर पोचला. तो मेंढ्या पाळी, त्यांचे कच्चे व कुजवलेले लेंडीखत कोबीच्या शेताला घाली. त्याच्या दोन मेंढ्या, एक १९७९ साली व दुसरी मार्च १९८१ मध्ये, याच रोगाने मेल्या होत्या. ऑक्टोबरात काढलेला शेवटचा कोबी तो हिवाळाभर व वसंताच्या आरंभापर्यंत थंड कोठारात साठवून ठेवी. या साऱ्या व्यवहारात कोणी लबाडी केली नव्हती, कोणी हयगयही केली नव्हती. लेंडीखत घालणे आणि थंड कोठारात भाजी राखणे या दोन्ही रिती त्या मुलखात सचोटीच्या शेतीच्या मानल्या जात, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सर्वांत अधिक व्यथित करते.

यानंतर १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजने १४२ जणांना ग्रासले व ४८ बळी घेतले. त्यांत २० गर्भ व १० नवजात अर्भके होती. स्वित्झर्लंडच्या वो प्रांतात व्हाशरॅं मों-द’ओर या हिवाळी चीजमुळे १९८३ पासून धुमसणारी साथ १९८७ साली त्याची विक्री थांबवल्यावरच शमली.

आणि मग पाळी आली ती पिरींच्या दक्षिण आफ्रिकेची. पोलोनी नावाची गुलाबी, जाड, शिजवून थंड केलेली मांसाची वळकटी म्हणजे तेथे गरिबाच्या पावातले रोजचे कोरड्यास. सोवेटोमधील ‘कोटा’ या पदार्थात ते बटाट्याच्या कापांबरोबर आणि आंब्याच्या लोणच्याबरोबर भरतात. २०१७ साली इस्पितळांत आजारी अर्भकांची संख्या वाढू लागली तरी उगम कळेना. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतील एका पाळणाघराची मुले आजारी पडली, पाळणाघराच्या शीतकपाटातील पोलोनी तपासली गेली, आणि धागा पोलोक्वाने येथील एका मोठ्या कारखान्यापर्यंत जाऊन भिडला. मार्चमध्ये सरकारने ते जाहीर केले. एकूण १,०६० रोगी नोंदले गेले, २१६ मरण पावले, आणि रोग्यांपैकी ४२ टक्के तर महिन्याच्या आतली बाळे होती. हा हिशेब ज्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेने ठेवला, ती पिरींच्या संस्थेचीच वारसदार होय. तरीही ज्या देशात या जंतूला नाव मिळाले त्या देशात हा रोग सरकारास कळवणे सक्तीचे झाले ते डिसेंबर २०१७ मध्ये, साथ ऐन भरात आल्यानंतर. त्यापूर्वी अशी किती अर्भके निनावी कारणाने दगावली, त्याचे दप्तरच नाही.

आपल्या घरांतही आता शीतकपाटे आली आहेत आणि तयार मांस व मऊ चीज बाजारात सहज मिळते. वाचकांच्या घरी कोणी गर्भवती असेल, तर थंड ठेवलेला शिजवलेला जिन्नस तिला वाफ निघेपर्यंत तापवूनच द्यावा, कच्च्या दुधाचे चीज देऊ नये, आणि तिला ताप आला तर तो साधा न समजता डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवून तिने काय खाल्ले तेही सांगावे.