अंगस्थितीची जाण आणि वार्धक्य

डोळे मिटलेले असतानाही आपला गुडघा वाकलेला आहे की सरळ, घोटा आत वळला आहे की बाहेर, हात वर चालला आहे की खाली, हे माणसाला कळते. या संवेदनेला अंगस्थितीची जाण म्हणतात. वैद्यकात तिला प्रोप्रिओसेप्शन हे नाव आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी ते १९०६ मध्ये रूढ केले. वाढत्या वयात ही जाण मंदावते. नजर अधू झाली की माणूस चष्मा करून घेतो, ऐकू कमी आले की कानाला यंत्र लावतो. ही संवेदना उणावल्याचे मात्र बहुधा पहिल्यांदा पडल्यावरच ध्यानात येते, आणि तेव्हाही खापर गुडघ्यांवर नाही तर वयावर फुटते.

या जाणिवेचा मुख्य आधार म्हणजे स्नायूंच्या तंतूंत दडलेले, चातीच्या आकाराचे सूक्ष्म ग्राही. त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. स्नायू ताणला गेला की ते मज्जारज्जूमार्गे मेंदूला संदेश धाडतात. कंडरांमधील ग्राही ताकदीची, तर सांध्याभोवतीची त्वचा आणि सांध्याचे आवरण हालचालीची भर घालतात. गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी १९७२ मध्ये दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेला कंपने दिली, तेव्हा हात स्थिर असूनही कोपर सरळ होत असल्याचा भास लोकांना झाला. स्थितीचे ज्ञान सांध्यापेक्षा स्नायूंकडून अधिक येते, हे त्यातून स्पष्ट झाले. यांत्रिक ताणाचे विद्युतसंदेशात रूपांतर करणारे पिझो-२ हे प्रथिन शोधणारे आर्डेम पटापुशियन २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

वयानुसार या साखळीचा प्रत्येक दुवा सैल होतो. तर्कूचे आवरण जाड होते, आतले काही तंतू कमी होतात, वेगाने संदेश नेणारे जाड मज्जातंतू घटतात, संदेश पोहोचायला थोडा अधिक वेळ लागतो. मेंदूतील प्रक्रियाही मंदावते. हातांपेक्षा पायांत, आणि पायांतही खुब्यापेक्षा घोटा व अंगठा यांत बदल जास्त दिसतो. मात्र सगळ्या चाचण्या सारखे उत्तर देत नाहीत. पाय लोंबकळता ठेवून तो दुसऱ्याने हलवला तर वृद्ध आणि तरुण यांच्यात फरक मोठा निघतो. पायावर पूर्ण वजन घेऊन उभे असताना हा फरक बराच कमी होतो. म्हणजे शरीर इतर खुणांवर भिस्त ठेवून उणीव भरून काढते. या खुणांपैकी सर्वांत मोठी म्हणजे डोळे.

जर्मन वैद्य मॉरिट्झ रोमबर्ग यांनी १८४० च्या दशकात पाहिले की पायांची जाण गमावलेले रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहतात, पण मिटताच डोलू लागतात. तोंड धुताना डोळे मिटताच हे रुग्ण पुढे झुकत. आपल्याकडे न्हाणीघरात ओल्या फरशीवर, तोंडाला साबण लावून, डोळे मिटून उभे राहणाऱ्या आजी-आजोबांची अवस्था हीच असते.

दुसरी अडचण लक्ष विभागले जाण्याची. चालणे आपोआप होत नाही, तेव्हा ते विचारपूर्वक करावे लागते. १९९७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नोंदवले की बोलायला लागताच चालणे थांबवणारे वृद्ध पुढील काळात जास्त पडतात. थकव्यानेही स्थितीचा अंदाज चुकतो. लांब फेरफटक्यानंतरचा जिना म्हणूनच सकाळच्या जिन्यापेक्षा अधिक घातक.

नवी मुंबईत हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, ठाणे खाडीवरचा पहिला वाशी पूल १९७३ मध्ये खुला झाला. त्यावेळी तिशीत असलेले रहिवासी आज ऐंशीच्या पुढे आहेत. सुरुवातीच्या अनेक इमारती लिफ्ट नसलेल्या, तीन-चार मजली. काहींचा आता पुनर्विकास होत असला तरी कित्येक वृद्धांचा बाजारहाट, दवाखाना, विरंगुळा केंद्र सगळे अजून जिन्यावरूनच होते. बल्ब गेलेला जिना धडधाकट माणसाला केवळ गैरसोयीचा वाटतो. पायांची जाण उणावलेल्याला तो आंधळा करून टाकतो. पावसाळ्यात रेल्वेस्थानकाचे ओले पादचारी पूल आणि पाण्याखाली लपलेल्या पदपथाच्या उंचसखल कडा या धोक्यात भर घालतात. माणसाच्या हालचालींचा अभ्यास करणारे एमजीएम संस्थेचे केंद्र इथल्याच कामोठ्यात आहे; सूर्यनमस्कार आणि उकिडवे बसणे यांच्या यांत्रिकीवर तिथे संशोधन झाले आहे. जमिनीवर बसून उठणाऱ्या समाजाचे चालणे-बसणे इथेच मोजले जाते, याला मी फार महत्त्व देतो, कारण परदेशी खुर्चीवरच्या मापांनी आपल्या घरातले धोके पूर्ण कळत नाहीत.

सगळी घट वयाच्या माथी मारणे चुकीचे आहे. मधुमेहात पायांचे मज्जातंतू झिजतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावात मज्जारज्जूच्या मागच्या भागातील, नेमक्या याच संवेदनेच्या वाटा बिघडतात. शाकाहारी आहार, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन, असा जोड अनेक मराठी घरांत आढळतो. दोन्हींमुळे ब-१२ कमी होऊ शकते. ‘चप्पल निसटली तरी कळले नाही’, ‘पाय कापसावर पडल्यासारखा वाटतो’ ही वाक्ये ऐकली की रक्तातील साखर आणि ब-१२ तपासावे. वेळेत उपचार मिळाल्यास ब-१२ च्या अभावाने झालेले नुकसान बरेचसे भरून निघते. उशीर झाला तर काही कायम राहते. डॉक्टर १२८ हर्ट्झच्या नादकाट्याने आणि पायाचा अंगठा वर-खाली करून दोन मिनिटांत प्राथमिक तपासणी करू शकतात. ती मागायला संकोच करू नये.

सराव उपयोगी पडतो. भिंतीशेजारी एका पायावर उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे ठेवून चालणे, जागेवर वळणे असे तोल सांभाळण्याचे व्यायाम पडण्याचे प्रमाण घटवतात. संथ लयीच्या ताई-ची व्यायामाबाबतही असे पुरावे आहेत. हे व्यायाम प्रथम भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावेत. आणखी एक गोष्ट फारशी ठाऊक नाही. १९९० च्या दशकात जेका आणि लॅकनर यांनी दाखवले की बोटाच्या टोकाचा हलका स्पर्श, जो वजन पेलूच शकत नाही, तोही शरीराचे डोलणे कमी करतो. कठडा धरायचा तो लटकण्यासाठी नव्हे. हाताकडून मेंदूला स्थितीची अधिकची खबर मिळावी म्हणून. गृहनिर्माण संस्थांनी प्रत्येक जिन्याला दोन्ही बाजूंनी सलग कठडा बसवावा, शेवटच्या पायरीची कड ठळक रंगवावी आणि जिन्यातला दिवा गेला तर त्याच दिवशी बदलावा.