450 वॉट गेले कुठे? एसएमपीएसची गोष्ट

आजच्या एपिसोडला जळका वास आहे. खरंच सांगतोय.

नागपूरचा मे महिना. पगारातून पैसे साठवून मी आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड घेतलं. बाकी कॅबिनेट जुनंच, त्याच्यासोबत आलेला एसएमपीएसही जुनाच. त्याच्यावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलेलं, 450 वॉट. कार्डाचे 170, प्रोसेसरचे 65, झाले 235. बर्डीतला दुकानदार म्हणाला, "आरामात चालते भाऊ, काही टेन्शन नाही." मलाही पटलं. बीटेक केलंय ना, बेरीज तर येते!

चार दिवस गेम रंगात आला की पीसी आपोआप रीस्टार्ट. पाचव्या दिवशी भर दुपारी फट्! मदरबोर्ड गेला. कार्ड वाचलं, ते नशीब.

मग मी ते काम केलं जे आधी करायला पाहिजे होतं. डब्याच्या बाजूचं बारीक अक्षरांतलं लेबल वाचलं. 3.3 व्होल्टवर 28 अँपिअर, म्हणजे साधारण 92 वॉट. 5 व्होल्टवर 30 अँपिअर, म्हणजे 150. आणि 12 व्होल्टवर फक्त 16 अँपिअर, म्हणजे 192. बाकी किरकोळ धरून 450 पूर्ण. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं! पण माझं कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही मुख्यतः 12 व्होल्टवर जेवतात. 235 जणांची पंगत आणि ताटं 192.

असा उलटा डबा कोणी बनवला? तर तो एकेकाळी बरोबरच होता. इथून इतिहास सुरू होतो.

आपल्याकडे दुकानात कोणी 'पॉवर सप्लाय' म्हणत नाही, 'एसएमपीएस'च म्हणतात. स्विच मोड पॉवर सप्लाय. जुन्या पद्धतीत 50 हर्ट्झवर चालणारा जड ट्रान्सफॉर्मर लागायचा आणि बरीच वीज नुसती उष्णता होऊन जायची. स्विचिंग पद्धतीत आधी विजेचं डीसी करायचं, मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची. दर खेपेला थोडीशीच ऊर्जा न्यायची, म्हणून ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा झाला तरी चालतं. 1977 च्या अ‍ॅपल टू मध्ये रॉड होल्टने असा सप्लाय बसवला, कारण स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज नको होता. त्याआधीही हे तंत्र होतं बरं का. जॉब्स मात्र पुढे म्हणायचा की सगळ्यांनी आमचंच ढापलं.

1981 च्या आयबीएम पीसीचा सप्लाय किती वॉटचा होता? 63.5! अख्ख्या कॉम्प्युटरला. तेव्हा चिप्स 5 व्होल्टवर चालायच्या, 12 व्होल्ट लागायचे मुख्यतः डिस्क ड्राइव्हच्या मोटरला. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं, त्यात 3.3 व्होल्टची भर पडली. म्हणजे वजन अजूनही खालच्या व्होल्टेजकडेच.

पलटी बसली 2000 मध्ये, पेंटियम 4 च्या वेळी. 60 वॉट 5 व्होल्टवर न्यायचे तर 12 अँपिअर लागतात, 12 व्होल्टवर फक्त 5. करंट कमी, तार कमी गरम. म्हणून मदरबोर्डवर 4 पिनचा वेगळा 12 व्होल्टचा प्लग आला. 2003 च्या एटीएक्स12व्ही 2.0 मध्ये तर सगळा भरच 12 व्होल्टवर गेला. माझा डबा त्याच्या कितीतरी नंतर बनला, पण आतलं डिझाइन त्याआधीचंच. स्वस्तात विकायला सोपं, कारण आपण एकच मोठा आकडा वाचतो.

आता नागपूरचा भाग. 2004 पासून '80 प्लस' नावाचं प्रमाणपत्र आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान 80 टक्के कामी आली पाहिजे. चांगली गोष्ट आहे, पण ती चाचणी साधारण 23 अंशांवर होते. 23! आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा एवढं नसतं. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून पूर्ण वॉट 25 अंशांवर मिळतात की 40-50 वर, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघायचं. ते लिहिलेलंच नसेल तर मी तो डबा घेत नाही.

आणि 80 टक्क्यांवाल्यात 400 वॉट वापरले की 100 वॉट उष्णता तुमच्याच खोलीत. 90 टक्क्यांवाल्यात 44. कूलरवरचा तेवढाच भार कमी.

शेवटी मी 650 वॉटचा गोल्ड घेतला. 12 व्होल्टवर 54 अँपिअर, म्हणजे 648 वॉट. या वेळी काउंटरवरच डबा उलटा करून लेबल वाचत बसलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, एवढं काय वाचून राहिले?" मी फोनमधला जळक्या मदरबोर्डचा फोटो दाखवला.